लताबाईंची शर्यत आणि आपल्या टाळ्या

दुखरा गुडघा आणि बुडालेला सराव घेऊन मी पहिल्या मॅरेथॉनला नाव घातलं, तेव्हा सौ. म्हणाली, "आधी 'लता भगवान करे' बघा!" नवीन देशबोईना यांचा हा २०२० चा चित्रपट बीडला घरबसल्या पाहिला. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावून पहिल्या आलेल्या लताबाई इथे स्वतःच लताबाई झाल्यात. धावणं बिनसरावाचं, अभिनयही. म्हणून दोन्ही खरं. राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो रास्तच!

तक्रार आहे ती आम्हा प्रेक्षकांबद्दल. जिद्द, जिद्द म्हणत आम्ही टाळ्या पिटतो. अहो, औषधपाण्यासाठी म्हातारपणी धावावं लागणं, ही आमच्या बँकेच्या भाषेत थकबाकी! आणि थकबाकीदारांच्या यादीत टाळ्या वाजवणारे सगळे आले, अस्मादिकांसह.