जागेपणीची शस्त्रक्रिया आणि आभासी वास्तव : एक चिकित्सा

केवळ हात बधिर करून केलेल्या शस्त्रक्रियेत वेदना थांबते, भीती थांबत नाही. म्हणून रुग्णास गुंगीचे औषधही दिले जाते. त्याऐवजी आभासी वास्तवाचा, म्हणजेच व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट पुरेल काय, हे बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस मेडिकल सेंटरमधील संशोधकांनी तपासले. ३४ रुग्णांवरील हा अभ्यास २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हेडसेट लावलेल्या गटास प्रपोफॉल हे गुंगीचे औषध ताशी सरासरी सुमारे १२५ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या गटास सुमारे ७५० मिलिग्रॅम दिले गेले. प्रपोफॉलने श्वसन मंदावू शकते, रक्तदाब उतरू शकतो. त्यामुळे ही घट निश्चितच महत्त्वाची आहे.

तथापि, औषध कमी लागले म्हणून भीती ओसरली, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. अभ्यासाचा मुख्य निकष प्रपोफॉलची मात्रा हा होता. रुग्णांच्या समाधानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हेडसेटच्या गटास स्थानिक भूलही अधिक मिळाली होती. शिवाय हेडसेट कोणाला लावला आहे, हे भूलतज्ज्ञापासून लपत नाही; औषध देताना त्याचा हात आपोआप आखडता होणे संभवनीय आहे.

सारांश, या अभ्यासाने नेहमीची गुंगी अनेकदा अनावश्यक असते, हे दाखविले. भीतीचे मोजमाप मात्र औषधाच्या मात्रेवरून होणार नाही. त्यासाठी रुग्णालाच विचारावे लागेल. हेडसेट गुंगीला पर्याय ठरू शकेल, डॉक्टरांच्या धीराच्या शब्दाला नव्हे.