कार्बन-२२ ची त्रिज्या: ५.४ की ३.४४?

हॅलो अणुकेंद्रांवर प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा कार्बन-२२ ची त्रिज्या ५.४ फर्मी हा आकडा समोर येईलच. उचलण्याआधी तनाका आणि सहकाऱ्यांचा २०१० चा मूळ पेपर उघडा. तिथे लिहिलंय ५.४ ± ०.९. तो ± ०.९ पुढे वाटेत कुठेतरी गळून पडतो.

आकड्याची भुरळ पडते हे खरंय. ६ प्रोटॉन, १६ न्यूट्रॉन, आणि आकार जवळजवळ शिसे-२०८ एवढा! कार्बन-२१ बांधलेला राहतच नाही, त्यात आणखी एक न्यूट्रॉन आला की मात्र जमतं. शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके सैल की ते गाभ्यापासून लांबवर पसरतात. अर्धायुष्य सुमारे ६ मिलिसेकंद, मग बीटा क्षय. प्रयोगाला तेवढा वेळ भरपूर होतो, कारण लक्ष्यापर्यंतचा प्रवास मायक्रोसेकंदाच्या आसपासचा. खरी अडचण वेगळीच: असे कण हाती लागतात फारच थोडे.

म्हणून जपानच्या रिकेनमध्ये द्रव हायड्रोजनवर मोजलेला क्रॉस सेक्शन आला १३३८ ± २७४ मिलिबार्न, म्हणजे २० टक्के अनिश्चितता. शीर्षकात लेखकांनी फक्त 'मोठा क्रॉस सेक्शन' एवढाच दावा केला, हा त्यांचा प्रामाणिकपणा. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. त्रिज्या थेट मोजली जात नाही, ती ग्लाउबर मॉडेलमधून काढावी लागते. हे मॉडेल कण सरळ रेषेत जातो असं धरतं, आणि प्रति न्यूक्लिऑन ४० एमईव्ही एवढ्या कमी ऊर्जेला ते गृहीतक लंगडं पडतं.

२०१६ मध्ये तोगानो आणि सहकाऱ्यांनी, रिकेनमध्येच, कार्बनच्या लक्ष्यावर २३५ एमईव्हीला १२८० ± २३ मिलिबार्न मोजले. त्रिज्या निघाली ३.४४ ± ०.०८. कार्बन-२० ची साधारण ३, म्हणजे हॅलो आहेच, पण शिशाएवढा नाही.

मग पहिला पेपर चुकीचा? गणित करा: फरक १.९६, एकत्रित अनिश्चितता ०.९, जेमतेम दोन सिग्मा. चूक म्हणायला एवढं पुरत नाही. पण मधल्या काळात ५.४ वरून दोन न्यूट्रॉनांच्या बंधनऊर्जेवर मर्यादा घालणारे सैद्धांतिक पेपर आले, कारण २०१२ मध्ये थेट वस्तुमानावरून आलेलं उत्तर होतं −०.१४ ± ०.४६ एमईव्ही. असा पेपर संदर्भात घेताय? मग त्याने त्रिज्येचा कोणता आकडा आत घातलाय, ते आधी शोधा.