सावरलेला षड्ज

गवई षड्जावर थांबतो तेव्हाही त्याचा गळा थांबलेला नसतो. तंबोऱ्याकडे कान ठेवून तो क्षणोक्षणी सूर सावरत असतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्राची मला भुरळ पडली ती या सावरण्यामुळेच. १७२.५ मीटर परिघाच्या नळीत २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांवर फेऱ्या घालतात. इलेक्ट्रॉनांच्या अशा पुंजाने स्वतःच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक हलू नये, ही अपेक्षा.

पण तो हलला हे त्याला न शिवता कळावं कसं? नळीच्या आत, जागोजागी, कडेला धातूची चार-चार बटणं बसवलेली असतात. पुंज ज्या बटणाच्या अंगाने जातो तिथला संकेत जरा जोराचा. समोरासमोरच्या संकेतांची वजाबाकी करायची आणि तिला बेरजेने भागायचं. माझी दाद जाते ती या भागाकाराला. तासागणिक इलेक्ट्रॉन घटतात, सगळेच संकेत दुबळे होतात. तरी भागाकारामुळे ते क्षीण होणं जागेच्या हिशेबात मिसळत नाही. गवयाचा आवाज लहान झाला म्हणून सूर उतरला, असं जाणकार म्हणत नाही.

दुरुस्तीही तशीच संयमाची. पुंजाला वळवणाऱ्या एकेका छोट्या चुंबकाचा प्रवाह किंचित बदलून सगळी बटणं काय सांगतात ते आधी टिपून ठेवायचं, मग उलट गणित मांडायचं. मात्र पुंजाच्या मार्गातली काही वळणं पुसायला चुंबकांना फार जोर लावावा लागतो, आणि त्यात मोजमापातली खरखरच वाढते. ती वळणं तशीच सोडून देतात. हे सोडणं मला सर्वांत आवडतं.

जिनिव्याजवळच्या २६.७ किलोमीटरच्या लेप त्वरकाचे आलेख तर वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या मला घरचेच वाटतात. चंद्राच्या ओढीने आमच्या वसईच्या खाडीला भरती येते. तिथे जमीनच ताणली जाऊन परीघ मिलिमीटरभर बदले, आणि १९९२ मध्ये पुंजाच्या ऊर्जेच्या मापात ती भरती-ओहोटी स्पष्ट उमटली. १९९५ मध्ये आणखी एक थरथर सापडली. दिवसा असायची, मध्यरात्रीनंतर थांबायची. ती आगगाड्यांची होती: रुळांमधून जमिनीत झिरपलेला परतीचा प्रवाह लेपच्या नळीतून वाट काढत होता. (आपली विरार लोकलही तेव्हा तशाच १५०० व्होल्टच्या डीसीवर धावायची.) पहाटे पहिली गाडी सुटली की आलेखावरची रेघ पुन्हा हलू लागे.