वूल्स्थॉर्पचें दगडी घर व पवनचक्कीचें रेखाटन

इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत वूल्स्थॉर्प या खेड्यांत चुनखडीच्या दगडाचें एक जुनें घर आहे. आयझॅक न्यूटनचा जन्म तेथेंच, जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणें २५ डिसेंबर १६४२ रोजीं झाला. १९४३ पासून तें नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन आहे. २०१७ सालीं, प्रकाशाची दिशा बदलीत घेतलेलीं छायाचित्रें एकत्र करून, तेथील भिंतीवरील पवनचक्कीचें एक अस्पष्ट रेखाटन उजेडांत आणिलें गेलें. पद्धति स्तुत्य आहे. मात्र तें न्यूटनच्याच हातचें असावें, हा जो तर्क लागलीच पुढें आला, त्याची छाननी अवश्य आहे.

या तर्कास बळ येतें तें विल्यम स्ट्यूकलीच्या १७५२ मधील न्यूटनचरित्राच्या हस्तलिखितामुळें. हें हस्तलिखित रॉयल सोसायटीच्या संग्रहीं आहे. स्ट्यूकली हा लंडनच्या पुराणवस्तुसंशोधक मंडळाचा पहिला चिटणीस व न्यूटनच्या परिचयाचा. त्याची साक्ष वजनदार खरी. परंतु ती सांगते काय? ग्रँथमजवळ पवनचक्की उभारली जात असतां ती पाहून मुलानें तिची प्रतिकृति केली. कोळशानें भिंतींवर चित्रें काढलीं, तींही ग्रँथममधील बिऱ्हाडाच्या खोलींत. ग्रँथम येथून सुमारें ७ मैल दूर. कागद एका घराविषयीं बोलतो, भिंत दुसऱ्याची आहे!

उलटपक्षीं सफरचंदाची कथा पाहावी. १५ एप्रिल १७२६ रोजीं खुद्द न्यूटनकडून ऐकलेली ती हकीकत स्ट्यूकलीनें लिहून ठेविली. तींत स्थळाचा निर्देश नाहीं. आईच्या लिंकनशायरांतील घरची बाग हा तपशील न्यूटनचा भाचेजांवई जॉन काँड्युइट याच्या टिपणांत मिळतो. येथें दोन कागद एकमेकांस पूरक होतात. चक्कीच्या रेखाटनास असा दुसरा आधार नाहीं.

बालपण व पुढें १६६५ ते १६६७ या प्लेगच्या दिवसांतील बराच काळ न्यूटननें या घरांत काढला. म्हणून तर्क असंभव नव्हे. पण धुरावरून अग्नीचें अनुमान होतें तें व्याप्ति निश्चित असल्यामुळें; घर व त्यांतील प्रत्येक रेघ यांत तशी व्याप्ति नाहीं. पोथीवर मालकाचें नांव आढळलें, म्हणून आपण त्यास ग्रंथकर्ता ठरवीत नाहीं. तोच नियम भिंतीस लावावा, आणि ‘संभवनीय, पण असिद्ध’ एवढेंच तूर्त म्हणावें. अन्यथा न्यूटनच्या थोरवींत तर कांहीं भर पडणार नाहींच, उलट एखाद्या अनामिक शेतकरीपुत्राची या जगांतील एकुलती एक खूण मात्र आपणच पुसून टाकूं.