नवान्नाचे पीक
(इंद्रवेल्लीच्या शेतवर्षाविषयी काही वाङ्मयीन विचार)

भाद्रपदातील पंचमीस गोमंतकात 'नवें' होते. भाताची कोवळी कणसे गजाननापुढे ठेवावयाची, आंब्याच्या पानात गुंडाळून दाराच्या चौकटीस बांधावयाची आणि मगच नव्या धान्याचा घास घ्यावयाचा, हा परिपाठ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजही चालू आहे. कित्येक देवस्थानांतून हा विधी ठरलेल्या दिवशी सर्व महाजनांच्या समक्ष होतो. तथापि ती कणसे आता येतात कोठून, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला, तर फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारातून, असेच उत्तर पुष्कळ घरांत द्यावे लागेल. माटोळीला बांधावयाची रानफळेही तशीच जुडीने विकत मिळतात. सण उरला आहे. ज्या शेताने तो सण दिला ते शेत मात्र दुसऱ्याचे झाले आहे, किंवा पडीक आहे.

या स्थितीचा खेद करीत बसण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न वाङ्मयाचा आहे. लहानशा कौटुंबिक शेताचे वर्ष, म्हणजे पेरणीपासून खळ्यापर्यंतचे आणि खळ्यापासून पुन्हा रित्या कणगीपर्यंतचे वर्ष, आपल्या लेखकांनी कितपत पाहिले? आणि त्या वर्षाला देवाधर्माशी बांधणारा जो दोर आहे, तो कोणाच्या हाती लागला? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस वारंवार एका दूरच्या गावाकडे जावे लागले. ते गाव म्हणजे इंद्रवेल्ली. कोकणातला वाचक तेथे सहसा जात नाही. परंतु शेत आणि देव यांचा हिशेब जेथे अद्याप एकाच वहीत लिहिला जातो अशा थोड्या मुलुखांपैकी तो एक आहे, आणि त्याच्याविषयी एक मोठा ग्रंथही लिहिला गेला आहे.

इंद्रवेल्ली आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थान-राज्यात होता. त्या वर्षी किनवट व राजुरा हे तालुके मराठी मुलुखात आले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा सरकल्या, पण भाषा सरकली नाही. इंद्रवेल्लीच्या बाजारात गोंडी, तेलुगू आणि लमाणी यांच्याबरोबर मराठी सहज कानी पडते. जमीन काळी, मधूनमधून मुरमाड. भोवती सागाचे डोंगर. वस्ती मुख्यतः राजगोंडांची.

१९४० साली जमीन आणि जंगल यांच्या हक्कासाठी उठलेला कुमराम भीम जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या स्थितीची चौकशी करावीशी वाटली व ते काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन पंडिताकडे आले. हा गृहस्थ पत्नीसह उटनूरच्या डोंगरांतील मारलावाई गावी झोपडी बांधून राहिला. १९४८ साली त्याचा 'आदिलाबादचे राजगोंड' हा इंग्रजी ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. त्यात गोंडांना 'दख्खनचे शेतकरी लोक' असे म्हटले आहे. ज्या काळी आपले लेखक गोंडाला केवळ अरण्यातला शिकारी समजत होते, त्या काळी या परक्याने त्याला शेतकरी म्हणून ओळखले, ही गोष्ट लहान नव्हे.

गोंडांच्या बारा महिन्यांची नावे पाहिली तरी त्याच्या म्हणण्याची सत्यता पटते. भावे, अखाडी, पोरा, दिवाडी, पुस ही त्यांतील काही. आषाढाचा अखाडी, पोळ्याचा पोरा, दिवाळीचा दिवाडी; जणू सणानेच महिन्याला नाव दिले आहे आणि सण तर शेताच्या कामाने ठरलेला. वैशाखाच्या उन्हात, नांगर अजून आढ्याला टेकलेला असतो तेव्हा, कुळाच्या मोठ्या देवाची, पेर्सा पेनाची, पूजा करावयाची. पावसाने जमीन धरली की पेरणी. अखाडीत गुरांचे रक्षण मागावयाचे. श्रावणात पोरे बांबूच्या खोडांगांवर चढून चिखलातून चालतात. आपल्या देशावरील गेड्यांचाच तो प्रकार. पोळा झाला की त्या खोडांगा गावाच्या शिवेवर टाकून द्यावयाच्या. खेळालासुद्धा हंगाम आहे आणि हंगाम संपताच तो खेळ गावाबाहेर जातो! त्याच दिवसांत घरामागच्या परसात मका आणि शेंगांचे वेल हाताशी येतात, आणि उपासमारीचे ते आठवडे त्या एवढ्याशा तुकड्यावर निभावतात. मग नवे धान्य देवाला दाखवून खाण्याचा विधी. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे मेळे आणि मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव फिरतात. आणि शेवटी पुस महिन्याच्या अमावास्येस, शेतातले मुख्य काम हातावेगळे होत आले असता, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची यात्रा.

या यात्रेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण देवस्थानाच्या व्यवस्थेत रस घेणाऱ्या वाचकांना तीत पुष्कळ ओळखीचे सापडेल. नागोबा हे मेस्राम कुळाचे दैवत. यात्रेपूर्वी कुळातील मंडळी पितळेची झारी घेऊन अनवाणी गोदावरीकडे निघतात, जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू डोहातून पाणी भरतात आणि वाटेत मुक्काम करीत परत येऊन केसलापूरच्या वडांखाली उतरतात. मडकी सिरिकोंड्याच्या कुंभाराकडूनच यावयाची. कुळातील लेकी आणि जावई पाणी आणून वारुळाची माती मळतात. नव्या सुनांची देवाशी भेट होते, त्याशिवाय त्या कुळात पुऱ्या सामावल्या असे मानीत नाहीत. मान कोणाचा, पाणी कोणाचे, मडके कोणाचे, हे सारे ठरलेले आहे. आपल्या देवळांतील मानकऱ्यांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

हैमेंडॉर्फचा ग्रंथ या सर्वांची नोंद विलक्षण निष्ठेने करतो. तो हळहळत नाही, कौतुकाने डोळेही मिटीत नाही. कोणता विधी कोणत्या कामाच्या आधी व कोणत्या कामाच्या नंतर, हा क्रम त्याला महत्त्वाचा वाटतो, आणि आमच्या मते हीच त्याची खरी वाङ्मयीन दृष्टी आहे. शेतकऱ्याच्या आयुष्यात 'आधी' आणि 'नंतर' यांना जेवढा अर्थ असतो तेवढा दुसऱ्या कशालाच नसतो. तरीही ग्रंथाचा दोष सांगितलाच पाहिजे. उपशीर्षकात शेतकरी आले, पण खंड निघाला तो दैवतकथा आणि विधी यांचा. शेत स्वतः, म्हणजे बैलजोडी, बियाणे, सावकाराचे देणे, परसातला मका, मागे राहिले. तो खंड 'पहिला' म्हणून छापला होता. गोंडांच्या समाजजीवनावरील त्याचा पुढचा मोठा ग्रंथ, पत्नी एलिझाबेथ हिच्यासह लिहिलेला, आला तो १९७९ साली, एकतीस वर्षांनी. एवढ्या अवधीत शेत बदलले होते. पहिल्या ग्रंथात देव आहेत पण पीक नाही. दुसऱ्यात पिकाची चिंता आहे, पण ती जमीन हातची जात असतानाची. दोन्ही एका वेळी, एका घरात, एका बाईच्या हातून घडताना कोठेच दिसत नाहीत. माणसे बोलतात ती माहिती देण्यापुरती. शेतावरचा एखादा वैतागाचा शब्द, पाऊस चुकल्यावरची शिवी, हे त्या भारदस्त पानांत शोधूनही सापडावयाचे नाही.

हे काम मराठी लेखकाने करावयाचे होते. संधी नव्हती असेही नाही. सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि तिचे व्याकरण लिहिले. निलंग्याकडचा हा विद्वान मराठीचा मोठा इतिहासलेखक झाला. पण गोंडांविषयीचे त्यांचे पुस्तक आणि ते व्याकरण दोन्ही इंग्रजीत आहेत. सरकारी कामाची ती भाषा होती, हे आम्ही जाणतो. तरी त्या डोंगराळ मुलुखाचे शेतवर्ष मराठी गद्यात उतरण्याची वेळ हुकली ती हुकलीच.

मराठीत शेताचे वर्ष कोणी लिहिलेच नाही, असा याचा अर्थ नव्हे. १९५२ साली बहिणाबाई चौधरींची कविता प्रसिद्ध झाली, तेव्हा पेरणी, उपणणी, मोट, जाते या गोष्टी कवितेत वर्ण्य विषय म्हणून नव्हे, तर हातातले काम म्हणून आल्या. अक्षरशत्रू असलेल्या त्या बाईजवळ जे होते ते हैमेंडॉर्फजवळ नव्हते: कामाच्या आतून देव पाहण्याची सवय. १९६७ साली ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' आल्या. त्यांत रान अतिशय सुंदर आहे, आणि आमची तक्रार असलीच तर तीही तेवढीच आहे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) नारबा नावाचा गडी जनावरांच्या सोबतीने वर्ष काढतो, आणि यंत्र येताच ती सोबत तुटते. नारबाची जमीन नाही, घर नाही. म्हणून त्याच्या वर्षाला नवान्नही नाही. यादवांनी ही उणीव उच्चारली नाही, पण ती पानोपानी जाणवते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने (२००२) शिकलेल्या शेतकरी मुलाचे वर्ष सांगितले. नावातच बारा महिने असलेल्या त्या कादंबरीत ऋतू येतात ते बाजारभावाच्या आणि कर्जाच्या तारखांसारखे. कोंकणीत पुंडलीक नायकांची 'अच्छेव' (१९७७) आहे. खाणीने गिळलेल्या गोमंतकीय गावाची ती कथा वाचल्यावर आमच्या मनात एकच प्रश्न उरला: त्या गावात नव्याची कणसे आता कोण आणीत असेल?

या साऱ्या पुस्तकांतून एक सूत्र निघते, आणि इंद्रवेल्लीने ते आम्हांस स्पष्ट दाखविले. शेतवर्षाचा विधी खाण्याच्या पिकावर उभा असतो. ज्वारीचे कणीस देवाला दाखविता येते, कारण ते उद्या आपल्या ताटात येणार असते. देवाने आधी खाल्ले, मग आपण, असा तो व्यवहार आहे. कापसाला नवान्न नाही. आज आदिलाबादच्या काळ्या जमिनीत ज्वारीची जागा फार मोठ्या प्रमाणावर कापसाने आणि सोयाबीनने घेतली आहे. २००२ साली जनुक बदललेल्या कापसाला देशात परवानगी मिळाली, आणि पुढे बियाणेही दरसाल पाकिटातून येऊ लागले. पूर्वी घरच्या कणगीतून निवडून ठेवलेले बी हाच वर्षाचा पहिला प्रसाद असे. ताटात आता रेशनचा तांदूळ पडतो. अशा घरात नव्याचा विधी करावयाचा तो कशाने?

परंतु हे म्हणताना आम्ही एका मोहाबद्दल स्वतःसच सावध करू इच्छितो. जुने शेतवर्ष सुखाचे होते आणि कापसाने ते नासले, अशी गोष्ट सांगणे सोपे आहे. ती खोटी आहे. १९८१ च्या एप्रिलची २० तारीख, सोमवार. इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. जमिनीचे पट्टे मिळावेत, सावकारांनी व नव्या वसाहतदारांनी घेतलेली शेते परत मिळावीत, यासाठी गोंड शेतकरी सभेस जमत असता गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ माणसे मेली. प्रत्यक्षात ती पुष्कळ अधिक होती असे तेथील लोक सांगत आले आहेत. स्मारक आजही उभे आहे. ज्याचे शेतच कागदावर त्याचे नाही त्याने नवान्न कोणत्या शेताचे करावे, हा प्रश्न कापसाच्या आधीचा आहे. ज्या लेखकाला खोडांगा दिसतात आणि पट्टा दिसत नाही, त्याने हा विषय हाती न घेतलेला बरा.

आणखी एक गोष्ट आमच्या सूत्राला अडचणीत आणते. २०२२ साली केसलापूरचे नवे दगडी देऊळ पुरे झाले. मेस्राम कुळाने आपसांत वर्गणी जमवून ते बांधले. शेतकऱ्यांनी घातलेला तो पैसा कोणत्या पिकाचा, हे त्या मुलुखात विचारावे लागत नाही. त्यातला मोठा भाग कापसाचाच असणार. म्हणजे ज्या पिकाला नवान्न नाही, त्या पिकाने देवाला घर दिले! आमचे विधान यामुळे पुरते खोटे ठरत नाही, पण ते आम्हांस वाटले होते तितके सरळही राहत नाही. ताटाचा संबंध तुटला आणि गाठीच्या पैशाचा जुळला, असे काहीतरी घडते आहे. नगरात राहून गावच्या देवळाला देणगी धाडणाऱ्या आपल्यासारख्यांना ते फारसे अपरिचितही नसावे.

हे सारे एखाद्या मराठी किंवा गोंडी लेखकाने एका घराच्या एका वर्षात बसवून लिहावे, अशी आमची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारलेच, तर आम्ही परसातून म्हणू. कापूस दारापर्यंत आला तरी घरामागे चार ताटे मक्याची आणि कुडाला वेल शेंगांचा, एवढे विकावयाचे नसलेले पीक पुष्कळ घरांनी राखलेले असते. ती जागा बाईची. हैमेंडॉर्फच्या ग्रंथात तिला थोडीच ओळ मिळाली. पुसच्या अमावास्येला सिरिकोंड्याची मडकी केसलापूरला येतात तेव्हा त्यांत शिजावयाचे मूठभर धान्य जर घरचे असलेच, तर ते तिनेच कोठेतरी फडक्यात बांधून ठेवलेले असावे.