सभेत विचारलेला प्रश्न

रामायण-महाभारतातल्या अन्यायग्रस्त स्त्रियांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजूनही लिहिले जाते. कादंबऱ्या, एकपात्री प्रयोग, दिवाळी अंकांतली मनोगते, कविता. त्यांतला मोठा भाग एकाच साच्यात बसतो. स्त्री एकटी आहे, आयुष्य सरत आले आहे, आणि ती ‘मी’ म्हणून आठवणी उगाळते आहे. हा साचा का रुजला ते उघड आहे: शतकानुशतके जिच्याविषयी इतरच बोलले, तिला स्वतःचा आवाज द्यावा ही इच्छा प्रामाणिक होती. तरीही या साच्याने एक मोठे नुकसान केले आहे. मूळ काव्यांत या स्त्रियांचे सर्वांत धारदार बोलणे भर सभेत झालेले आहे. ते सभेला उद्देशून आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारी सभेवर टाकणारे आहे. आपण त्यांना एकांतात नेऊन बोलते केले. त्यामुळे त्यांचे दुःख ऐकू येऊ लागले, पण ज्यांनी उत्तर द्यायचे होते ते मात्र खोलीबाहेर राहिले.

द्रौपदीचेच पाहा. सभापर्वात तिला फरफटत आणण्यापूर्वी ती बोलावणे घेऊन आलेल्या प्रातिकामीलाच परत पाठवते: जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? हा कायद्याचा प्रश्न आहे. जो स्वतःच दास झाला, त्याची पत्नीवर सत्ता उरते का? भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतात, विकर्ण तिची बाजू घेतो, आणि कर्ण विकर्णाला झिडकारून पांडवांची व तिची वस्त्रे उतरवायला सांगतो. पुढे धृतराष्ट्राने वर देऊ केले, तेव्हा दोन वरांत ती पाचही पतींना दास्यातून सोडवते आणि तिसरा वर नाकारते. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी कृष्णाचा धावा मूळ संहितेतून काढून तळटीपांत टाकला. त्या निर्णयावर अभ्यासकांत वाद आहे, कारण उद्योगपर्वात कृष्ण स्वतःच तिच्या हाकेचे ऋण बोलून दाखवतो. पण आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरे की कीर्तनात, नाटकात, चित्रात, दूरदर्शनवर न संपणारी साडीच मध्यभागी आली आणि तिच्याआधी विचारलेला प्रश्न मागे पडला. चमत्काराने लाज राखली. प्रश्न अनुत्तरित होता, तो अनुत्तरितच राहिला.

शकुंतलेच्या बाबतीत हा बदल फार पूर्वी झाला. आदिपर्वातली शकुंतला गांधर्वविवाहाआधीच अट घालते: माझा मुलगा गादीवर बसला पाहिजे. काही वर्षांनी ती मुलाला घेऊन दरबारात येते, तेव्हा दुष्यंताला सगळे आठवत असते. तो जाणूनबुजून नाकारतो, आणि ती त्याला सत्य, पत्नी आणि पुत्र यांविषयी खडसावते. आकाशवाणीनंतर तो कबूल करतो की लोकांनी शंका घेऊ नये म्हणून मी असे वागलो. कालिदासाने यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. नाटक म्हणून ते थोर आहे, यात शंका नाही. पण शापामुळे राजाचा अपराध विस्मरणात विरघळतो आणि उलट तपासणी करणारी स्त्री विरहिणी होते. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी संगीत नाटकाला उभारी दिली ती ‘शाकुंतला’नेच. मराठी प्रेक्षकाच्या मनात वस्ती करून राहिली ती कालिदासाची शकुंतला. व्यासांच्या शकुंतलेला आपल्या रंगभूमीवर तसे स्थान मिळाले नाही, ही मला या कलेतली ठळक उणीव वाटते.

सीतेची कथा याहून जिव्हाळ्याची, म्हणून तिथे अधिक थांबले पाहिजे. वाल्मीकींच्या युद्धकांडात राम तिला नाकारतो तेव्हा वानर-राक्षसांच्या समुदायासमोर ती त्याला सुनावते की एखादा सामान्य पुरुष सामान्य बाईला बोलतो तसे तू मला बोलतोस. उत्तरकांडात नैमिषारण्यातल्या यज्ञसभेत तिला पुन्हा शुद्धतेची शपथ घ्यायला बोलावले जाते. ती काषाय वस्त्रांत येते, हात जोडते, नजर खाली वळवते आणि रामाशी एक शब्दही न बोलता पृथ्वीला आवाहन करते. ज्या सभेने पुरावा मागितला त्या सभेला ती पुरावा देते आणि त्याच क्षणी स्वतःला तिच्या कक्षेबाहेर नेते. आता गीतरामायण पाहा. 1955–56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचलेल्या माडगूळकरांच्या या 56 गीतांत वनात सोडलेल्या सीतेचा आक्रोश आहे आणि तो काळीज हलवतो. पण शेवटच्या गीतात वाल्मीकी लव-कुशांना रामायण गायला सांगतात, आणि तिथेच गाणे थांबते. पृथ्वीप्रवेशाची सभा या रचनेत येतच नाही. माडगूळकरांच्या प्रतिभेला यात काही उणे नाही. काव्याला आपला शेवट निवडण्याचा अधिकार असतो. मात्र महाराष्ट्राच्या कानात जी सीता बसली ती लक्ष्मणाला विचारणारी सीता आहे. सभेला विचारणारी नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, म्हणून सीतात्यागाचा दोष रामावर येतच नाही. उत्तरकांड मागाहून आले असे मानायला सबळ कारणे आहेत. पण तसे मानूनही अग्निपरीक्षा उरते, कारण ती युद्धकांडात आहे. शिवाय कोणा नंतरच्या कवीला अग्निपरीक्षेने कथा मिटली असे वाटले नाही आणि त्याने तिला पुन्हा सभेत आणले, हेही एक भाष्यच आहे, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी जुने. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीलाही त्याच त्यागाने अस्वस्थ केले; ‘उत्तररामचरिता’त त्याने राम-सीतेचे मीलन घडवले, पण त्याआधी रामाला अंकामागून अंक पश्चात्तापात जाळले. दुसरा आक्षेप असा की आजच्या न्यायाच्या मापाने जुनी काव्ये मोजू नयेत. मोजू नयेतच. म्हणून तर मूळ ग्रंथात कोणते माप आहे ते पाहायचे. पत्नीवरची सत्ता कुठे संपते, राजाने दिलेला शब्द कुठवर बांधतो, हे प्रश्न व्यास-वाल्मीकींच्या पात्रांनीच विचारले आहेत.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला इतक्या सहज उत्तर देता येत नाही. राणी-महाराणींच्या अन्यायावर इतकी शाई खर्च होते, मग इतर स्त्रियांचे काय? लाक्षागृहात पाच मुलांसह जळून गेलेली निषाद स्त्री आठवावी. तिचे आणि तिच्या मुलांचे देह कुंती आणि पांडवांचे समजले गेले, म्हणून पांडव निसटले. तिला नाव नाही, तिची सभा नाही. महाश्वेता देवींनी बंगालीत कुंती आणि निषादी यांना समोरासमोर आणले, तेव्हा नेहमी कीव केली जाणारी कुंती आरोपीच्या जागी उभी राहिली. तेलुगूत व्होल्गांच्या ‘विमुक्त’मध्ये सीता शूर्पणखेला, अहल्येला, रेणुकेला भेटते. मराठीत 1967 साली दोन पुस्तके आली: इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’. कर्व्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांच्या समाजाच्या, नात्यांच्या, कुळांच्या जाळ्यात ठेवून तपासले. कोणालाही देवी केले नाही, कोणाला सूटही दिली नाही. सावंतांनी कर्णाला बोलते केले. मागून वाट वळली ती ‘मृत्युंजय’च्या दिशेने. कर्णाची वेदना इतकी आपली झाली की सूतपुत्राला वरणार नाही म्हणणारी द्रौपदी लोकांच्या मनात पक्की बसली. चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य नाही; सभेतली कर्णाची आज्ञा मात्र आहे. वंचिताचे दुःख खरे असू शकते आणि त्याच माणसाने दुसऱ्यावर केलेला अन्यायही खरा असू शकतो. आत्मकथनाच्या साच्यात या दोन गोष्टी शेजारी ठेवणे फार अवघड जाते, कारण ‘मी’ म्हणणारा कोणीही आपलाच वकील असतो.

लिखित परंपरेबाहेर सभेला प्रश्न विचारण्याचे काम अधिक नेमकेपणाने झाले आहे. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास बायका आपल्या सासरच्या शब्दांत सांगत आल्या. ताराबाई भवाळकरांनी ‘सीतायन’मध्ये हे लोकधन मराठी वाचकापुढे ठेवले. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला रामाशिवाय एकट्या सीतेचे देऊळ आहे. तिथली कथा अशी की वनात टाकलेली सीता बाळंतपणानंतर गावात ओंजळभर गहू मागायला गेली आणि गावाने दिला नाही. तिने शाप दिला आणि त्या शिवारात गहू पिकेनासा झाला. या कथेत आरोप रामावर नाही, सीतेवर ठपका ठेवणाऱ्या धोब्यावरही नाही. दार न उघडणाऱ्या गावावर आहे. म्हणजे सभेतला प्रश्न इथे पुन्हा सभेपाशी येतो. शरद जोशींनी या देवळाच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले. त्यांच्याच शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करायचा. आणि तसे करणारे शेतकरी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर तिचे नाव लावून आले.