पडद्यावरचा रंगमंच आणि झाडीपट्टीची रात्र : चित्रित नाटकाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

रंगमंचावरील प्रयोग चित्रित करून तो चित्रपटगृहात दाखविण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट'चा प्रयोग चित्रपटगृहांपर्यंत पोहोचविला. लंडनच्या नॅशनल थिएटरने २५ जून २००९ रोजी रासीनच्या 'फेद्र'पासून हीच वाट धरली. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌समध्ये अशी चित्रणे नियमितपणे दाखविली गेली आणि त्यांना स्वतःचा प्रेक्षकवर्गही लाभला. २०२३ मध्ये टेलर स्विफ्ट या गायिकेच्या जलशांचे चित्रण महानगरांतील बहुपडदा चित्रपटगृहांत लागले, तेव्हा तरुण प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचू लागले. म्हणजे नाटक असो वा गाण्याची मैफल, 'प्रत्यक्ष' आणि 'चित्रित' यांतील सीमारेषा पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही, असे म्हणता येते.

या विषयाची मराठीतील चर्चा बहुधा मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहाला प्रमाण मानून होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतून हाच प्रश्न पाहिला की त्याचे रूप बदलते. सिरोंचा किंवा भामरागडच्या विद्यार्थ्याला जिल्ह्याचे ठिकाणच दूर आहे. मुंबईचे व्यावसायिक नाटक मूळ संचात पाहणे त्याला जवळजवळ अशक्य. त्याच्या दृष्टीने चित्रित नाटक ही सोय आहे, आणि तिच्याकडे नाक मुरडण्याचा अधिकार शिवाजी मंदिरच्या पायरीवर उभ्या असलेल्या समीक्षकाला नाही. मात्र याच प्रदेशात स्वतःची जिवंत, व्यावसायिक आणि हजारोंचा प्रेक्षक असलेली रंगभूमी आहे. तिचेही आता चित्रण होते. हे चित्रण नेमके कशाचे होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'साध्वी मीराबाई' : एक जुना दाखला

मराठीत रंगमंच जसाच्या तसा पडद्यावर नेण्याचा सर्वांत बोलका प्रयत्न बालगंधर्वांच्या वाट्याला आला. प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५) या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. त्यानंतर बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली 'साध्वी मीराबाई' (१९३७) निघाला. 'अमृतसिद्धी' या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात बालगंधर्व मीराबाईच्या, म्हणजे स्त्रीच्या भूमिकेत होते. रंगमंचावर ज्यांच्या पदरासाठी आणि पदासाठी महाराष्ट्र वेडा झाला होता, तेच बालगंधर्व पडद्यावर प्रेक्षकांना रुचले नाहीत.

या अपयशाचे कारण बहुधा वयात शोधले जाते. १८८८ साली जन्मलेल्या नटाने पन्नाशीच्या उंबरठ्यावर मीरा व्हावे हे कॅमेऱ्याला मानवले नाही, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या वयातही रंगमंचावर त्यांचे स्त्रीरूप प्रेक्षक मान्य करीत होते, कारण ते मान्य करण्याचा करार नट आणि प्रेक्षक यांच्यात दर रात्री नव्याने होत असे. अंतर, दिवे आणि ऑर्गनचा सूर या कराराच्या अटी होत्या. त्याहून महत्त्वाची अट म्हणजे 'वन्समोअर'. संगीत नाटकातील पद किती वेळा आणि किती वेळ गायचे, हे नटाइतकेच प्रेक्षकही ठरवीत. चित्रपटात पद एकदाच होते आणि टाळी ऐकायला पडद्यामागे कोणी नसते. प्रयोगातील प्रेक्षकाचा वाटा काढून घेतल्यावर जे उरले, त्याचे चित्रण म्हणजे 'साध्वी मीराबाई'.

याउलट, विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला, तेव्हा नाटकाची नोंद ठेवण्याची जबाबदारी त्यांनी घेतली नाही. चित्रपट करण्याची घेतली. तो वेगळा व्यवहार आहे. त्याची तुलना चित्रित प्रयोगाशी करण्याचे कारण नाही.

झाडीपट्टीची रात्र

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानपट्ट्यातील रंगभूमी 'झाडीपट्टी रंगभूमी' म्हणून ओळखली जाते. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांशी तिचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आजचे तिचे रूप मात्र निखळ व्यावसायिक आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचे मुख्य ठाणे असून तेथे नाट्यसंस्थांची कार्यालये आहेत. दिवाळी आटोपली की गावोगावची मंडळे तेथे येऊन तारखा ठरवितात. धान घरात आलेले असते, हाती पैसा असतो आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष तिच्याकडे काहीसे वळले. त्यापूर्वी ते फारसे नव्हते, हे नमूद केले पाहिजे.

या नाटकाला निमित्त लागते. मंडई असेल, शंकरपट असेल. दिवसा पट, रात्री नाटक. लेकी-जावई आणि व्याही-विहिणी मुक्कामाला येतात. घरोघरी स्वयंपाकाची धांदल असते, आणि सोयरिकीची बोलणी मंडपाच्या आसपासच होतात. निमित्त आणि नाटक यांचे नाते किती घट्ट आहे, हे बैलांच्या शर्यतींवरील बंदीने दाखविले. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित राज्यांचे कायदे वैध ठरविले. न्यायालयापुढे प्रश्न बैलांचा होता, नाटकाचा नव्हता. तरीही पट नाही म्हणजे पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत म्हणजे मंडळाला नाटक ठरविताना दोनदा विचार करावा लागतो. ज्या रंगभूमीचे अर्थकारण बैलजोडीशी बांधलेले आहे, तिला केवळ संहिता, अभिनय आणि नेपथ्य यांच्या चौकटीत मोजणे कठीण आहे.

प्रयोग रात्री उशिरा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रंगवलेले पडदे, समोर वादकांचा ताफा, विंगेत प्रॉम्प्टर. एकाच हंगामात अनेक नाटके उभी करावयाची असल्याने तालमींना वेळ थोडा, त्यामुळे प्रॉम्प्टरवरची भिस्त मोठी. गंभीर कौटुंबिक कथानकाच्या पोटात विनोदी पात्रांचे स्वतंत्र प्रवेश आणि लावण्या गुंफलेल्या असतात. नागर समीक्षेला यात रसभंग दिसतो. पौषातल्या थंडीत, उघड्या रानात, दिवसभर पट पाहून आलेल्या माणसाला रात्री दोन वाजता जागे कसे ठेवावे, हा प्रश्न त्या समीक्षेने स्वतःला कधी विचारलेला नाही. लावणी आणि विनोद ही या रात्रीची घड्याळे आहेत. कथानक कोठे सैल करावयाचे आणि कोठे ताणावयाचे, हे त्यांच्यावरून ठरते.

चित्रणातील नाटक

अलीकडच्या काळात या नाटकांची चित्रणे यूट्यूबवर मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली आहेत. मुंबई-पुण्याचा, किंबहुना नागपूरचाही अभ्यासक आज झाडीपट्टी पाहतो ती बहुतांशी अशी. अनेक चित्रणांत कॅमेरा एका जागी असतो, प्रकाश रंगमंचापुरता आणि आवाज ध्वनिक्षेपकातून आलेला. या चित्रणातून जे दिसते त्यावरून दोन शेरे ठरलेले असतात : अभिनय भडक आहे आणि लावण्या जास्त आहेत.

पहिला शेरा तपासून पाहू. पात्रे पुढे येऊन ओळीने उभी राहतात, हात मोठे फिरवितात, वाक्याच्या शेवटी सूर चढवितात. मोबाइलच्या हातभर अंतरावरील पडद्यावर हे सारे कृत्रिम वाटते. परंतु वर टांगलेल्या ध्वनिक्षेपकाखाली आल्याशिवाय शब्द मंडपाच्या टोकापर्यंत जात नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला चेहरा दिसत नसल्याने हातच दिसावा लागतो. हा अभिनय एका विशिष्ट अंतरासाठी घडविलेला आहे. कॅमेरा ते अंतर नाहीसे करतो आणि मग अभिनयाला दोष देतो. १९३७ मध्ये मीराबाईच्या बाबतीत झाले तेच येथे पुन्हा होते. फरक इतकाच की बालगंधर्वांची थोरवी आधी सिद्ध झालेली होती. झाडीपट्टीच्या नटाची ओळखच चित्रणापासून सुरू होते.

दुसऱ्या शेऱ्याचे मूळ पाहण्याच्या पद्धतीत आहे. मंडपातला प्रेक्षक नाटक पुढे सरकवू शकत नाही. यूट्यूबवरचा प्रेक्षक सरकवितो आणि लावणीपाशी थांबतो. त्यामुळे लावणीचे तुकडे वेगळे काढून टाकले जातात आणि तेच अधिक फिरतात. पूर्ण रात्रीत लावणीचा वाटा किती, हे तुकडा पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. सवंगपणा या रंगभूमीत मुळीच नाही, असा दावा करण्याचे कारण नाही; काही प्रयोगांत लावणीने कथानकाला गिळलेले दिसते, आणि झाडीपट्टीतील जाणते रंगकर्मीही त्याबद्दल बोलतात. पण तो आरोप अख्ख्या रंगभूमीवर ठेवावयाचा, तर पुरावा अख्ख्या रात्रीचा हवा.

येथे पोटापाण्याचाही प्रश्न आहे. झाडीपट्टीतील नाटक एका हंगामात गावोगाव जाते. विनोदी नटाची कोटी या गावाला नवी, उद्या पुढच्या गावालाही नवी. तीच कोटी हंगाम संपण्याआधी मोबाइलवर पोहोचली, तर पुढच्या गावात ती शिळी होते. उलट बाजूने असेही दिसते की चित्रणामुळे नटाचे नाव गावोगाव होते आणि मंडळे त्याच्या नावावर तारीख मागतात. या देवाणघेवाणीत कलावंताच्या पदरात काय पडते, हे करारावर अवलंबून आहे, आणि चित्रणाचे हक्क कोणाचे हा मुद्दा अशा करारांत स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

'झॉलीवूड' आणि चंद्रपूरचे चित्रपटगृह

जून २०२२ मध्ये तृषांत इंगळे दिग्दर्शित 'झॉलीवूड' हा चित्रपट प्रदर्शित झाला. झाडीपट्टी रंगभूमी हाच त्याचा विषय. तो चित्रित प्रयोग नव्हे. नाटक पडद्यावर आणण्यापेक्षा नाटकामागची माणसे आणि व्यवहार आणण्याकडे त्याचा कल आहे, आणि म्हणून कॅमेऱ्याला विंगेत शिरण्याची मुभा मिळते. प्रयोगाच्या चित्रणात ज्या गोष्टी चौकटीबाहेर राहतात, त्या येथे चौकटीत येतात, हे त्याचे महत्त्व. पूर्ण रात्र मात्र त्यालाही दाखविता येत नाही, आणि ती त्याच्याकडून अपेक्षितही नाही.

मग झाडीपट्टीचा एखादा प्रयोग चांगल्या रीतीने चित्रित करून चंद्रपूरच्या चित्रपटगृहात दाखविला तर? मोबाइलपेक्षा तेथे दोन गोष्टी निश्चित अधिक मिळतील. पडदा मोठा असल्याने रंगमंचाची पूर्ण चौकट टिकवून ठेवता येईल, चेहऱ्याच्या मागे धावावे लागणार नाही. शिवाय शेजारी माणूस असेल. विनोद एकट्याने पाहिला तर ओठ हलतात. दोनशे माणसांत पाहिला तर हसू फुटते. चित्रपटगृह नाटकाचा शत्रू आहे ही समजूत मराठी मनात जुनी आहे. बोलपट आला आणि संगीत नाटकांच्या कंपन्या बसल्या, कित्येक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली, त्या आठवणीची ती सावली आहे. परंतु आज एकट्याच्या हातातील पडद्याशी तुलना करता चित्रपटगृह नाटकाच्या अधिक जवळचे आहे.

मात्र चांगले चित्रण म्हणजे काय, याचा नमुना लंडनहून जसाच्या तसा उचलता येणार नाही. नॅशनल थिएटरच्या चित्रणात अनेक कॅमेरे असतात, कोणते दृश्य कोठून घ्यावयाचे याची आधी तालीम होते, आणि सारे लक्ष रंगमंचावर असते. तेथील प्रेक्षक अंधारात शांत बसतो, म्हणून त्याला वगळून चालते. झाडीपट्टीत प्रेक्षक शांत बसत नाही. तो उठतो, शेकोटीपाशी जातो, चहा घेऊन परततो, झोपलेल्या मुलाला चादरीत गुंडाळतो, नटाला नावाने हाक मारतो, आणि नट त्याला उत्तरही देतो. येथे एक कॅमेरा मंडपाकडे, एक वादकांकडे आणि एक प्रॉम्प्टरकडे वळलेला असावा लागेल. प्रॉम्प्टरचा आवाज ध्वनिमुद्रणातून पुसून टाकण्याचा मोहही टाळावा लागेल, कारण शब्द ऐकून तो क्षणात आपलासा करण्याची जी कसरत नट करतो, ती या अभिनयपद्धतीचा गाभा आहे.

चित्रपटगृहातील खेळ रात्रभराचा असू शकत नाही, त्यामुळे काटछाट अटळ आहे. काय कापले जाईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. विनोदी पात्रांचे प्रवेश जातील आणि लावण्या एकावर येतील. कथानक सलग आणि सुबक होईल. पुण्याच्या प्रेक्षकाला ते आवडेलही. पण ती झाडीपट्टीची मुंबई आवृत्ती असेल. त्यापेक्षा प्रयोगातला मध्यरात्रीनंतरचा एकच सलग टप्पा, त्यातील रेंगाळण्यासह आणि व्यत्ययांसह दाखविणे अधिक प्रामाणिक ठरेल.

गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे आहेत. हे विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. या रंगभूमीचा अभ्यास त्याच्या दाराशीच आहे. संलग्न महाविद्यालयांतील मराठीचे विद्यार्थी सुट्टीत गावी जातात, ते मंडईच्याच दिवसांत. चित्रण त्यांच्या मोबाइलमध्येही होते. त्या चित्रणाला जोडून गावाचे नाव, तारीख, निमित्त मंडईचे की पटाचे, प्रयोग किती वाजता उघडला आणि किती वाजता पडला, ऑर्गनवर कोण होते, प्रॉम्प्टर कोण, ही माहिती लिहून ठेवण्यास खर्च येत नाही. यूट्यूबवरील अनेक चित्रणांखाली नाटकाचे नाव आणि एक-दोन प्रमुख कलावंतांची नावे एवढेच आढळते. गावाचे नाव कित्येकदा नसते.